न दिलेले घेणे : फोनमधला हेर आणि आपला कायदा



या वर्षीच्या व्याख्यानाचा विषय ठरवायला कार्यकारिणीची मंडळी दवाखान्यात आली, तेव्हा मी म्हणालो, "फोनमधली हेरगिरी आणि कायदा." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सदस्य हळूच म्हणाले, "डॉक्टर, गुडघेदुखीवर बोलला असता तर सभागृह भरलं असतं की." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी मी हट्ट सोडला नाही आणि मंडळींनी तो मोठ्या मनाने पुरवला. ते भाषण आता छापून तुमच्या हाती येत आहे. त्या संध्याकाळी जे आले नव्हते त्यांनाही, वाचकहो, समोर बसून ऐकल्यासारखे वाटावे म्हणून मी बोलण्याचा बाज बदललेला नाही.

हा विषय साहित्य संस्थेचा कसा, असे कोणी विचारील. आपल्यातले बरेच जण पत्रांच्या काळात वाढले. पोस्टकार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचत, पण बंद पाकीट ज्याच्या नावाचे असेल त्यानेच फोडायचे, हा घराघरातला अलिखित नियम होता. सासऱ्यांनी सुनेच्या माहेरचे पाकीट फोडले तर त्यावरून घरात बोलणी होत. आज ती सगळी पाकिटे, फोटो, हिशेब, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मनातले बोलणे आपण एका फोनमध्ये भरून ठेवले आहे. आणि पाकीट फोडले गेले तरी आता कागद फाटल्याची खूण दिसत नाही.

मी जन्माने जैन आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत अचौर्य आहे, आणि आमच्या ग्रंथांत चोरीसाठी एक नेमका शब्द येतो: अदत्तादान. म्हणजे न दिलेले घेणे. लहानपणी पाठशाळेत हा शब्द पाठ केला, तेव्हा त्यात काही विशेष वाटले नव्हते. चोरी म्हटले की कुलूप, रात्र, तिजोरी डोळ्यांपुढे येते. या शब्दात त्यातले काहीच नाही. त्यात एकच प्रश्न आहे: ज्याचे होते त्याने ते दिले होते का? फोनमधल्या हेरगिरीचे सगळे कायदे वाचून झाल्यावर मला वाटले की त्यांतला खरा प्रश्न हाच आहे. आणि आपला कायदा नेमका तिथेच अडखळतो.

तो कसा, हे मला पुस्तकातून कळले नाही, एका रुग्णामुळे कळले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो.

मंगाई देवीच्या यात्रेच्या सुमारास एक तिशीतल्या बाई झोप येत नाही म्हणून आल्या. आमच्या शास्त्रात पहिली भेट लांबते. आजाराबरोबर माणसाचा स्वभाव, भीती, स्वप्ने, घरातली वागणूक हे सगळे विचारावे लागते, आणि रुग्ण जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, अशी आम्हाला शिकवण आहे. त्या बाई तासभर बोलल्या. तिसऱ्या भेटीत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, मी इथं जे बोलते ते मी घरी जायच्या आधीच पोचलेलं असतंय."

मी ते केसपेपरवर लिहून घेतले. आमच्या रेपर्टरीत, म्हणजे लक्षणांच्या कोशात, 'आपल्यावर कोणी पाळत ठेवत आहे असा भ्रम' या लक्षणाला जागा आहे. मी ती जागा शोधली आणि त्यानुसार औषध दिले. हे आज सर्वांसमोर कबूल करतो. बाई खरे सांगत होत्या आणि मी त्याला आजार समजलो.

पुढच्या वेळी त्यांनी पुरावाच आणला. माहेरच्या एका अडचणीबद्दल त्या फक्त माझ्याशी बोलल्या होत्या, आणि रात्री जेवताना नवऱ्याने ते शब्दश: ऐकवले होते. आमच्या गल्लीत मोबाईल दुरुस्त करणारा एक हुशार मुलगा आहे. त्याने फोन पाहिला. पडद्यावर कोणतेही चिन्ह नसलेले, 'सिस्टिम सर्व्हिस' अशा नावाचे एक ॲप सेटिंगमध्ये आत दडले होते. त्याला मायक्रोफोन, संदेश, ठावठिकाणा या सगळ्यांची परवानगी दिलेली होती. परवानगीचे ते बटण बाईंनी दाबले नव्हते. त्या झोपेत असताना किंवा स्वयंपाकघरात असताना कोणीतरी दाबले होते. माझ्या तपासणीच्या खोलीत मी, त्या बाई आणि त्यांच्या पर्समधला तो फोन, असे तिघे बसत होतो. रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन माझ्यावर आहे. मी ते पाळतच होतो, आणि तरी ते रोज मोडत होते.

माझ्या मनात आले ते तुमच्याही येईल: पोलिसांत जावे. म्हणून मी एका वकील मित्राबरोबर कायदा वाचायला बसलो.

आपल्याकडे या विषयाचा मूळ कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. त्यात २००८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. 'स्पायवेअर' असा शब्द त्यात नाही, पण कलम ४३ पुरेसे रुंद आहे. दुसऱ्याच्या संगणकात शिरणे, त्यातली माहिती उतरवून घेणे, त्यात विषाणू किंवा संगणक दूषित करणारे काही सोडणे, हे सगळे त्यात येते. मोबाईल फोनही कायद्याच्या दृष्टीने संगणकच. हेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. इथवर वाचून मला बरे वाटले. मग मित्राने कलमाच्या सुरुवातीच्या शब्दांवर बोट ठेवले. मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीवाचून, असे ते शब्द आहेत.

फोन कोणाचा? विकत घेतला नवऱ्याने. पावती त्याच्या नावावर, सिमकार्डही त्याच्याच नावावर. त्याचा वकील म्हणेल, मालकाने आपल्याच फोनमध्ये काही घातले, त्याला कोणाची परवानगी हवी? आपण म्हणू, फोन तर बाईंच्या ताब्यात होता. पण कायद्यात 'किंवा' आहे, 'आणि' नाही. वाद घालता येईल, जिंकताही येईल, पण तो वाद एका झोप उडालेल्या बाईने घालायचा आहे. कायदा विचारतो, वस्तू कोणाची? अदत्तादान हा शब्द विचारतो, आतले ज्याचे होते त्याने दिले का? फोन नवऱ्याने घेतला असेल. फोनमधले बोलणे त्याने विकत घेतलेले नव्हते.

तुलनेसाठी सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००४ साली खास स्पायवेअरविरोधी कायदा केला. त्यात संरक्षण दिले आहे ते 'अधिकृत वापरकर्त्या'ला, म्हणजे मालकाला आणि मालकाने ज्याला संगणक वापरायला दिला त्यालाही. आणि त्यात मुख्य शब्द आहे फसवणूक. देशपातळीवर मात्र अमेरिकेलाही असा स्वतंत्र कायदा करता आला नाही. तिथल्या कनिष्ठ सभागृहाने विधेयके मंजूर केली, पण ती पुढे सिनेटमध्ये अडली. तरीही तिथल्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये 'स्पायफोन' नावाचे असेच लपून बसणारे ॲप विकणाऱ्या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला या धंद्यातूनच बाहेर काढले. वापरणाऱ्या नवऱ्याला शोधत बसण्याआधी त्यांनी विकणाऱ्याला धरले. आपल्याकडे अशी ॲप्स 'मुलांची काळजी', 'कुटुंबाची सुरक्षा' अशा गोड नावांनी मिळतात.

आपल्या कायद्यात एक आधार मात्र पक्का आहे. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यातून पाठलागाचा गुन्हा आला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणारा पुरुष या कलमाखाली गुन्हेगार ठरतो. पहिल्यांदा दोष सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. फोन कोणाच्या मालकीचा हे या कलमात विचारलेले नाही. त्या परिस्थितीत असे वागणे वाजवी होते, असा बचाव मात्र आरोपीला मोकळा ठेवला आहे. आणि आपल्या समाजात नवऱ्याचे वागणे वाजवी ठरायला किती वेळ लागतो, हे मी सांगायला नको.

मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. मी आशेने तो उघडला. तिसऱ्याच कलमात लिहिले आहे की एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही. घरातल्या वाढदिवसाच्या फोटोंसाठी ही सूट रास्तच आहे. पण घरातलीच हेरगिरी त्याच दारातून निसटते. त्यात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या प्रकरणात निकाल दिला, की पतीने पत्नीचे बोलणे चोरून टेप केले असले तरी ते पुरावा म्हणून विचारात घेता येईल. असे ऐकावे लागते म्हणजे ते लग्न आधीच मोडलेले असते, असे त्यामागचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेलही. पण घरोघरी त्याचा अर्थ कसा काढला जाईल, याची मला काळजी वाटते.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. अचौर्य व्रताला जे दोष लागू शकतात, त्यांना आमच्याकडे अतिचार म्हणतात. त्यांतला एक आहे प्रतिरूपकव्यवहार. खऱ्यासारखी दिसणारी खोटी वस्तू खरी म्हणून देणे. तुपात चरबी, सोन्यात तांबे, अशी उदाहरणे आम्हाला पाठशाळेत मिळाली. आजचे उदाहरण लग्नसराईत व्हॉट्सॲपवर येते. 'आमच्या लग्नाला यायचं हं' असा निरोप आणि खाली पत्रिका. ती फाईल फोटोची किंवा पीडीएफची नसते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते, म्हणजे ते ॲप असते. दाबले की ते फोनमध्ये बसते, आलेले संदेश वाचू लागते, बँकेचा ओटीपी परस्पर तिसरीकडे पोचतो. ज्याच्या नावाने पत्रिका आली त्याचाही फोन बहुधा असाच गेलेला असतो, म्हणून नाव ओळखीचे असते आणि आपण फसतो.

हा खेळ मोठ्या प्रमाणात कसा चालतो ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेने पाहिले. ११ ऑगस्ट २०१८ रोजी अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून या बँकेच्या कार्डांच्या नकला वापरून पैसे काढले गेले. देशातही काढले गेले, आणि त्यात आपल्या शेजारचे कोल्हापूर होते. दोन दिवसांनी आणखी रक्कम परदेशी खात्यात वळवली गेली. एकूण ९४ कोटींहून अधिक. एटीएममध्ये कार्ड घातले की खात्यात पैसे आहेत का, हे बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारणारा एक दुवा असतो. त्या दुव्याच्या जागी चोरांनी मालवेअरने हुबेहूब खोटा दुवा उभा केला होता. तो मुख्य यंत्रणेला काही न विचारता प्रत्येकाला 'हो, द्या' म्हणत राहिला. प्रतिरूपकाचे यापेक्षा नेमके उदाहरण मला सापडले नाही. एटीएमवर जाऊन पैसे काढणाऱ्यांपैकी ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये शिक्षा दिली. ज्यांनी तो खोटा दुवा रचला ते या ११ जणांत नव्हते.

अशा फसवणुकीला कलम ६६ड आहे, तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणे. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्राने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच इथे दाबा' अशी खोटी भीती घालून पैसे उकळणे हा त्यांतला एक प्रकार. पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता वाढते. आपल्या कर्नाटकात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर गुन्ह्यांसाठी 'सीईएन' पोलीस ठाणी आहेत. लाज वाटते म्हणून लोक दोन दिवस घालवतात. आजार अंगावर काढल्यासारखेच ते.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण तिथे पाळत ठेवणारे सरकार असू शकते. कर्नाटकाला हे नवीन नाही. टेलिफोन चोरून ऐकल्याच्या आरोपावरून १९८८ मध्ये रामकृष्ण हेगडे यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. तेव्हा तार जोडून ऐकत. आता तारेची गरज नाही.

पुण्यात दाखल झालेल्या भीमा कोरेगाव खटल्यातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. संगणकात 'नेटवायर' नावाचे हेर-सॉफ्टवेअर शिरले होते, ते २२ महिने तिथे होते, आणि त्याच्याच वाटेने काही कागदपत्रे आत ठेवली गेली, असा निष्कर्ष तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. खटल्याच्या खरेखोटेपणावर मी बोलणार नाही, ते न्यायालयाचे काम आहे. मला त्यातली एकच गोष्ट डॉक्टर म्हणून अस्वस्थ करते. हेर-सॉफ्टवेअर फक्त बाहेर नेत नाही, ते आत ठेवूही शकते. मग त्या संगणकात जे सापडले ते त्या माणसाचे आहे, हे कशावरून म्हणायचे? दूषित नमुन्यावरून निदान करायचे नाही, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. नेटवायर तर कित्येक वर्षे 'दुरून संगणक सांभाळण्याचे साधन' म्हणून संकेतस्थळावर उघड विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ते बंद केले.

इस्रायलच्या कंपनीचे पेगॅसस याहून पुढचे. त्याला बटण दाबून घेण्याचीही गरज नसते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या नुसत्या न उचललेल्या कॉलने ते जगभरात सुमारे १,४०० जणांच्या फोनपर्यंत पोचवले गेले, असा व्हॉट्सॲपचा दावा होता, आणि त्यांत भारतीयही होते. ही कंपनी सांगते की आम्ही फक्त सरकारांना विकतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये कसले तरी मालवेअर आढळले, ते पेगॅससच असे ठाम सांगता आले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितले गेले. अमेरिकेत व्हॉट्सॲपने लावलेल्या दाव्यात मे २०२५ मध्ये ज्यूरीने कंपनीला मोठी भरपाई द्यायला लावली. पुढे न्यायाधीशांनी ती रक्कम बरीच कमी केली, पण व्हॉट्सॲपच्या वाटेला जाण्यास कायमची बंदी घातली.

देशाच्या रक्षणासाठी सरकारला कधी ऐकावे लागते, हे मी मानतो. दहशतवाद्याच्या फोनसाठी मी अचौर्य व्रत पुढे करणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ सरकारला हा अधिकार देते. पण आदेश देतो गृहसचिव आणि तो तपासते ती समितीही सचिवांचीच. त्यात न्यायाधीश कुठेच नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, हे नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. ज्यांच्या अर्जावर ते सांगितले गेले, ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर वयाच्या ऐंशीच्या पुढे ते न्यायालयात गेले. माझ्या वयाच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे.

शेवटी आपल्या सीमाभागाचे दुखणे. फोन परवानगी मागतो ती कोणत्या भाषेत? बहुतेकदा इंग्रजीत. वडगावातली विणकराची म्हातारी आई, जिला मराठीही चाचपडत वाचता येते, ती 'अलाऊ' हा शब्द वाचत नाही. ती निळे बटण बघते आणि दाबते. याला परवानगी म्हणायचे का? २०२३ च्या कायद्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद इथे येते. संमती मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून, बिनशर्त आणि नि:संदिग्ध असली पाहिजे, आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय दिलीच पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तुम्ही कोणत्या राज्यात राहता याची अट नाही. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे: दुरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने रुग्णाच्या फोनमधल्या संपर्कांची यादीही मागितली आणि त्याने 'हो' म्हटले, तरी त्या कामाला यादीची गरज नसल्याने ती संमती यादीपुरती धरली जाणार नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे ती मराठी सूचना कशी लिहायची, याची तयारी आत्ताच व्हायला हवी. ती वकिलांच्या आणि यंत्राच्या मराठीत आली तर इंग्रजीपेक्षा वाईट होईल. आजीला कळेल असे मराठी लिहिणे हे साहित्य संस्थांचे काम आहे, आणि ते आपण मागून घेतले पाहिजे. म्हणून मी या व्यासपीठाचा हट्ट धरला होता.

माझे मागणे तीन ओळींचे आहे. कायद्यात मालकाबरोबर वापरणाऱ्यालाही संरक्षण द्या. लपून बसणारे ॲप विकणाऱ्याला आधी धरा. आणि सरकारला ऐकायचे असेल तर न्यायाधीशाची सही घ्या.

त्या बाईंचे काय झाले, हे सभागृहात दोघांनी विचारले होते. त्यांनी तक्रार केली नाही. ॲप काढले तर नवऱ्याला लगेच कळेल, म्हणून ते काही दिवस तसेच ठेवायला त्यांनी सांगितले. तो निर्णय त्यांचा होता. पुढे त्या माहेरी गेल्या, स्वत:च्या नावावर फोन घेतला. त्यांच्या केसपेपरवरची 'भ्रम' ही ओळ मी खोडली आणि शेजारी तारीख घालून सही केली.

आणि माझ्या दवाखान्यात कंपाउंडरच्या टेबलाला एक खण होता, तो रिकामा करून घेतला. आत येण्यापूर्वी रुग्ण आपला फोन त्यात ठेवतो आणि किल्ली स्वत:जवळ ठेवतो. मीही माझा तिथेच ठेवतो.